उड्या मारणारी जनुकं आणि आईकडून आलेली शिदोरी

भिंगवाली

माझ्यासमोर माश्या ठेवलेल्या काचेच्या दोन नळ्या होत्या. पहिलीत कँटन-एस वाणाच्या माद्या आणि हार्विच वाणाचे नर. दुसरीत बरोबर उलट, हार्विचच्या माद्या आणि कँटन-एसचे नर. दोन्ही नळ्या २९ अंशांवर ठेवल्या होत्या. जन्मणाऱ्या मुलींपुरतं बोलायचं तर दोन्हीकडे गुणसूत्रं तीच, निम्मी एका घराण्याची, निम्मी दुसऱ्या. आई कुठल्या घरची, एवढाच काय तो फरक.

बारा दिवसांनी त्या मुली मिठाच्या पाण्यात ठेवून चिमट्याने उघडल्या. दुसऱ्या नळीतल्या माशीचं पोट अंडाशयांनी गच्च भरलेलं, द्राक्षांच्या दोन घडांसारखं. पहिल्या नळीतल्या माशीत त्या जागी काहीच नाही, नुसता एक पारदर्शक दोरा. मला वाटलं माझाच चिमटा चुकला, अंडाशय फाटून वाहून गेले. आणखी पाच माश्या उघडल्या. पाचही तशाच.

हे पहिल्यांदा पाहिलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मी अजून त्यातून बाहेर आलेली नाही. म्हणून हा धागा.

आधी माशीची ओळख. ही ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. केळी जरा जास्त पिकली की टोपलीभोवती जी बारीक चिलटं घोंगावतात त्या कुळातली. प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून तिचं जेवण करतात, तोंडाला कापसाचा बोळा लावतात, आणि २५ अंशांना दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते.

हार्विच वाणाच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, पी-एलिमेंट नावाचा डीएनएचा तुकडा आहे, एकाच माशीत तीस-पन्नास ठिकाणी. पूर्ण लांबीचा असेल तर २९०७ अक्षरांचा. दोन्ही टोकांना ३१ अक्षरांची एकच ओळ उलटसुलट लिहिलेली, आणि मध्ये एका विकराची कृती. हे विकर त्या टोकांना ओळखतं, तुकडा कापून काढतं आणि दुसरीकडे चिकटवतं. म्हणजे तुकडा स्वतःच्या हलण्याची सोय स्वतःच घेऊन फिरतो. अशा तुकड्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. कँटन-एसमध्ये पी-एलिमेंट मुळीच नाही.

मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात असे हलणारे तुकडे ओळखले. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. माशीतली गोष्ट सुरू झाली ती वेगळ्या वाटेने. रानातून आणलेले नर (हार्विचसारखे) आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणाच्या माद्या (कँटन-एससारख्या) यांची पिल्लं वांझ निघतात, त्यांच्यात उत्परिवर्तनं भराभर होतात, गुणसूत्रं तुटतात, असं लोकांच्या लक्षात येत होतं. उलट संकरात मात्र सगळं ठीक. १९७७ मध्ये मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी याला ‘हायब्रिड डिसजेनेसिस’ असं नाव दिलं. मी मराठीत ‘संकर-बिघाड’ म्हणते. १९८२ मध्ये पी-एलिमेंट हाती लागला आणि बिघाडाचं मूळ समजलं: त्या पिल्लांच्या बीजपेशींत (ज्यांपासून अंडी आणि शुक्राणू होतात त्या पेशींत) तुकडे मोकाट उड्या मारत असतात, प्रत्येक उडीला डीएनए तुटतो, आणि शेवटी बीजपेशी मरतात.

पण मग दुसऱ्या नळीतल्या मुलींचं काय? त्यांच्यातही तेवढेच पी-एलिमेंट होते. ते गप्प का बसले?

कारण त्यांची आई हार्विचची होती आणि तिने अंड्यात शिदोरी बांधून दिली होती. २३ ते २९ अक्षरांचे आरएनएचे, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या प्रतींचे, बारीक तुकडे. नाव पायआरएनए. यांतले बहुतेक तुकडे कुठल्या ना कुठल्या ट्रान्सपोझॉनच्या ओळीशी उलट बाजूने जुळतात, आणि पीवी कुळातल्या प्रथिनाच्या कुशीत बसून त्या ट्रान्सपोझॉनचा माग काढतात. कँटन-एसच्या आईला पी-एलिमेंट ठाऊकच नाही. तिच्या शिदोरीत तो जिन्नस नाही. बापाच्या शुक्राणूतून पी-एलिमेंट येतात, शिदोरी येत नाही. आईकडून पायआरएनए खरोखर अंड्यात उतरतात आणि संकर-बिघाड तेच अडवतात, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे बिघाड पहिल्यांदा दिसल्यानंतर तीस-एक वर्षांनी.

मला यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ट्रान्सपोझॉनला आवर घालणं म्हणजे एकदा लावून टाकलेलं कुलूप नव्हे. ती आठवण आहे, आणि प्रत्येक पिढीत आईने ती पुन्हा द्यावी लागते. खंड पडला तर एका पिढीत अंडाशयाचा दोरा होतो.

विचारा, बोला. मला जमेल तसं सांगते.

---

हापूसवाला

ताई, मी रत्नागिरीकडचा बागायतदार. आमच्याकडे फळमाशी म्हटलं की छातीत धस्स होतं. आंब्यात अळ्या पडतात, माल परत येतो. ती हीच का? हिच्या त्या उड्यांचा आम्हाला काही उपयोग?

भिंगवाली

दादा, ती वेगळी. आंब्याची फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. ती फळाच्या सालीत अंडी घालते, तुम्ही मिथाईल युजेनॉलच्या कामगंध सापळ्यात तिचेच नर पकडता. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर आधीच पिकून आंबायला लागलेल्या फळावर येते, तिला खरं तर यीस्ट हवं असतं. तुमच्या झाडावरच्या आंब्याला तिच्यापासून धोका नाही. मराठीत दोघींना एकच नाव पडल्यामुळे हा घोळ नेहमी होतो.

हापूसवाला

बरं झालं विचारलं. वाचतोय.

---

खडू_फळा

शाळेत विज्ञान शिकवतो. एक गणित जुळत नाही. तुम्ही म्हणता तुकडा कापून दुसरीकडे चिकटवतात. मग संख्या तेवढीच राहायला हवी. एका माशीत तीस-पन्नास झाले कसे?

भिंगवाली

सर, हा प्रश्न माझ्या गाईडनी मला पहिल्याच महिन्यात विचारला होता आणि मला उत्तर आलं नव्हतं.

तुकडा निघाला की मागे डीएनएला भगदाड पडतं. पेशी ते बुजवायला बघते. त्या वेळी गुणसूत्राची नक्कल होऊन गेलेली असेल तर शेजारी जुळी प्रत असते. ती बघून पेशी भगदाड भरते. जुळ्या प्रतीत पी-एलिमेंट अजून जागेवरच आहे, त्यामुळे दुरुस्तीत तोही पुन्हा लिहिला जातो. म्हणजे एक उडून गेला आणि जुन्या जागी दुसरा उगवला. पेशीने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली म्हणून त्याची संख्या वाढली.

दुसऱ्या गटाचे ट्रान्सपोझॉन, म्हणजे जिप्सी, कोपिया, आय-एलिमेंट वगैरे, कापत नाहीतच. ते आरएनएची प्रत काढतात, तिचा परत डीएनए करतात आणि नवीन जागी घुसतात. मूळ जिथल्या तिथे. माश्यांमध्ये डोळ्याला दिसणारी जी उत्परिवर्तनं आपोआप होतात, त्यांतली निम्म्याच्या आसपास अशा घुसखोरीने झालेली आहेत. डोळ्यांचा जर्दाळू रंग देणारं प्रसिद्ध उत्परिवर्तन म्हणजे डोळ्याच्या रंगाच्या जनुकात बसलेला कोपिया.

खडू_फळा

म्हणजे ‘उड्या मारणारी जनुकं’ हे शब्द दुसऱ्या गटाला लागू नाहीत. ते उडत नाहीत, पसरतात.

भिंगवाली

हो, बरोबर. शीर्षकात मी रूढ शब्द घेतला. ‘फिरते तुकडे’ म्हटलं तर बहुतेक दोन्ही गट त्यात बसतील.

---

सायली_वाचते

वाचते आहे. सोपं करून लिहिलंय, पण तरी दोनदा वाचावं लागलं. 🙂

---

शंकासुर

मला आवडलं, पण दोन शंका आहेत आणि मी त्या सोडणार नाही.

पहिली: बीजपेशींत एवढा धिंगाणा, मग त्याच माशीचे पंख, डोळे, आतडी शाबूत कशी? त्या पेशींतही पी-एलिमेंट आहेतच की. त्यांना कोण आवरतं?

दुसरी: आईने आठवण दिली, तिला तिच्या आईने दिली. पहिल्या आईला कोणी शिकवलं?

भिंगवाली

पहिलीचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा लांबवते.

पी-एलिमेंटच्या जनुकात विकराची कृती चार तुकड्यांत लिहिलेली आहे, मध्ये तीन बिनकामाचे मजकूर. कृती वाचताना हे तिन्ही मजकूर कापून चार तुकडे सांधायचे असतात. बीजपेशींत तिन्ही कापले जातात आणि ८७ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) पूर्ण विकर तयार होतं. शरीराच्या बाकी पेशींत तिसरा मजकूर कापलाच जात नाही. वाचन तिथेच थांबतं आणि ६६ किलोडाल्टनचं अपुरं प्रथिन बनतं. त्याला कापता येत नाही, उलट ते उड्या दाबूनच धरतं. डोनाल्ड रिओ, फ्रँक लास्की आणि जेराल्ड रुबिन यांनी १९८६ मध्ये हे उलगडलं. त्यांनी तो तिसरा मजकूर आधीच काढून टाकलेला पी-एलिमेंट माशीत घातला, तेव्हा तो शरीराच्या पेशींतही उडायला लागला. पुढे कळलं की शरीरातल्या पेशींत काही प्रथिनं त्या जागेच्या अलीकडे चिकटून बसतात आणि कात्रीला जवळ येऊ देत नाहीत.

यात पी-एलिमेंटचाही फायदाच आहे. पंखात उडी मारून त्याला काय मिळणार? पंख पुढच्या पिढीत जात नाही. यजमान धडधाकट राहून अंडी घालत राहिला तरच तुकडा पुढे जातो.

शिवाय शरीराच्या पेशींत आणखी एक पहारा आहे, डायसर-२ आणि आर्गोनॉट-२ या प्रथिनांचा. विषाणूंचा दुपदरी आरएनए कापणारी हीच जोडी फिरत्या तुकड्यांचाही समाचार घेते.

दुसऱ्या शंकेला रात्री बसते. कुमारी माद्या गोळा करायच्या आहेत, कोषातून निघाल्यावर आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत तर सगळा संकर वाया.

---

बॉस्टनकर

मी इथे आरएनएवर काम करतो, माश्यांवर नाही, पण शेजारची लॅब माश्यांची आहे. भिंगवाली रात्री लिहितीलच, तोवर थोडी भर.

पायआरएनए जीनोममध्ये ठरावीक जागांवरून येतात. २००७ मध्ये ग्रेगरी हॅनन यांच्या गटाने माशीत अशा १४२ जागा मांडल्या. तिथे जनुकं जवळजवळ नाहीत, मोडक्यातोडक्या ट्रान्सपोझॉनचा ढीग आहे. एकमेकांत घुसलेले, अर्धवट, उलटे. कित्येक वर्षं लोकांनी या भागाला केरकचरा समजून बाजूला टाकलं होतं.

सगळ्यात प्रसिद्ध जागा फ्लेमेंको, एक्स गुणसूत्रावर. जिप्सी नावाच्या ट्रान्सपोझॉनला काही वाणांमध्ये लगाम आहे आणि काहींत नाही, हे फ्रान्समधल्या ॲलन पेलिसाँ आणि ॲलन ब्युशेटाँ यांच्या गटाने १९९० च्या दशकात शोधलं आणि लगामाची जागा एक्सवर दाखवली. पण तिथे नेमकं जनुक कोणतं, ते सापडेना. सापडणार कसं? जनुक नव्हतंच. ती लांबलचक पट्टी एकाच दिशेने वाचली जाते आणि तिच्यातले बहुतेक तुकडे उलट्या दिशेने बसलेले आहेत, त्यामुळे निघणारा आरएनए आपोआप जिप्सीच्या उलट निघतो. त्याचे बारीक तुकडे म्हणजे जिप्सीवरचं पकड वॉरंट.

फ्लेमेंकोचं काम अंड्याभोवतीच्या पेशींत चालतं. जिप्सीला विषाणूसारखं आवरण बनवता येतं आणि त्या पेशींतून तो शेजारच्या अंड्यात शिरू शकतो. म्हणून पहारा उंबऱ्याबाहेर.

ओपीडी_नंतर

‘मोडक्यातोडक्या ट्रान्सपोझॉनचा ढीग’ वाचून लसच आठवली. मेलेला जंतू दाखवून जिवंत जंतू ओळखायला शिकवणं.

भिंगवाली

बॉस्टनकर, आभार. डॉक्टर, उपमा बरीच जवळची आहे, एक फरक सोडून: लसीची आठवण आपल्याबरोबर संपते, ही अंड्यातून पुढे जाते.

आता शंकासुर यांची दुसरी शंका. पहिल्या आईला कोणी शिकवलं? कोणीच नाही. ती नशिबाने शिकली. नवीन ट्रान्सपोझॉन येतो, कुठेही उड्या मारतो. उडता उडता कधीतरी एक प्रत त्या १४२ जागांपैकी एखाद्या ढिगात पडते. पडली की ढिगाबरोबर तिचंही वाचन होतं आणि तिच्याविरुद्धचे पायआरएनए निघायला लागतात. त्या माशीची पिल्लं जगतात, इतरांची कमी जगतात. काही पिढ्यांत सगळीकडे लगाम. सापळ्यात पाय अडकेपर्यंत मात्र धिंगाणा चालणारच.

एकदा सुरुवात झाली की साठा वाढवायचीही सोय आहे. ऑबर्जिन नावाचं प्रथिन ढिगातून आलेला उलटा तुकडा घेऊन ट्रान्सपोझॉनचा आरएनए कापतं. कापलेला तुकडा आर्गोनॉट-३ उचलतं आणि त्याच्या जोरावर ढिगातून आलेला लांब आरएनए कापतं. त्यातून पुन्हा ऑबर्जिनसाठी नवा तुकडा. पिंगपाँगसारखा चेंडू इकडून तिकडे. काप नेहमी दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या मध्ये पडतो, म्हणून समोरासमोरचे तुकडे बरोबर दहा अक्षरं एकमेकांवर येतात. हा दहाचा ठसा आकडेवारीत दिसला तेव्हाच यंत्रणा ओळखता आली. यातली सुंदर गोष्ट ही की शत्रू जितका जास्त बोलेल तितके त्याच्याविरुद्धचे तुकडे वाढतात. गप्प राहणाऱ्यावर पेशी फुकट दारूगोळा खर्च करत नाही.

तिसरा भाऊ पीवी. तो पायआरएनए घेऊन केंद्रकात जातो आणि ट्रान्सपोझॉन जिथे बसलाय तिथला डीएनए हिस्टोन प्रथिनांवर खुणा करवून घट्ट गुंडाळायला लावतो. म्हणजे आरएनए निघायच्या आधीच तोंड बंद. पीवीचं जनुक सापडलं ते पी-एलिमेंट मुद्दाम घुसवून जनुकं बिघडवण्याच्या प्रयोगात. नर माश्यांची वृषणं मरतुकडी झाली, म्हणून ‘पी-एलिमेंटमुळे मरतुकडं वृषण’ अशा अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांचं पीवी. फिरत्या तुकड्यांना आवरणाऱ्या प्रथिनाच्या नावातच फिरता तुकडा आहे.

---

शंकासुर

समाधान झालं, पण अर्धंच. कँटन-एसमध्ये पी-एलिमेंट मुळीच नाही, हे खटकतं. रानातल्या माश्यांत आहे आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणांत नाही, याचा सरळ अर्थ प्रयोगशाळेत तो गळून गेला. ‘नवीन आला’ कशावरून?

भिंगवाली

हाच वाद खरोखर झाला होता. एक बाजू तुमची: बाटल्यांत वर्षानुवर्षं राहून गळाला. दुसरी मार्गारेट किडवेल यांची: रानातच नव्याने आला, जुने वाण त्याआधी पकडलेले. पुरावा किडवेल यांच्या बाजूने गेला. विसाव्या शतकाच्या मध्याआधी पकडलेल्या वाणांत तो नाही, नंतरच्यांत वाढत जातो. आणि १९९० मध्ये कळलं की अमेरिकेच्या उष्ण भागातल्या ड्रोसोफिला विलिस्टोनी या दूरच्या जातीतला पी-एलिमेंट आणि आपला, यांच्यात २९०७ अक्षरांपैकी फक्त एक अक्षर वेगळं आहे. दोन जाती कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, त्यांची बाकी जनुकं कितीतरी बदललीत. वारशाने आलेल्या तुकड्यात एवढं साम्य राहूच शकत नाही. तो जातीची भिंत ओलांडून आला. कदाचित एका परजीवी कोळीकिड्याने एकीचं अंडं टोचून लगेच दुसरीचं टोचलं असेल.

बॉस्टनकर

आणि पुढचा भाग आपल्या डोळ्यांदेखत घडला. सख्ख्या बहिणीसारखी जात ड्रोसोफिला सिम्युलन्स, तिच्यात पी-एलिमेंट नव्हता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तो तिच्यातही पसरताना सापडला. कोआला या प्राण्यांतही सध्या एक रेट्रोव्हायरस (यजमानाच्या डीएनएत स्वतःला घुसवणारा विषाणू) बीजपेशींत शिरतो आहे. तिथेही पायआरएनएचं प्रत्युत्तर बघायला मिळतंय.

शंकासुर

एक अक्षर! मान्य.

---

ओपीडी_नंतर

आमच्या बाजूने विचारतो. माणसाच्या जीनोमचा निम्म्याच्या जवळपास भाग असाच फिरत्या तुकड्यांचा, असं शिकलोय. हिमोफिलियाच्या २४० रुग्णांपैकी दोघांच्या, रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात एल-वन नावाचा फिरता तुकडा घुसलेला सापडला होता, १९८८ सालचं काम. माशीतली ही यंत्रणा आपल्यात आहे?

भिंगवाली

आहे. उंदरांत पीवीची तीन भावंडं आहेत. त्यांतलं कुठलंही एक काढलं तरी नर वांझ होतो, माद्यांना फारसा फरक पडत नाही. माशीत अंडाशयाची तारांबळ जास्त. पाया तोच आहे, पण घरं वेगळी, म्हणून माशीवरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढायला मी कचरते.

खडू_फळा

माझ्या मुलांना सांगायला एक गोष्ट हवी. ट्रान्सपोझॉनचा माशीला कधी उपयोग होतो का?

भिंगवाली

सर, होतो आणि मोठा होतो. आपल्या गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून टेलोमरेज विकर असतं. माशीत ते नाही. तिथे हेट-ए, टार्ट आणि ताहरे नावाचे तीन फिरते तुकडे टोकावर पुन्हा पुन्हा बसतात आणि टोक लांब ठेवतात. म्हणजे सगळ्यांना सरसकट गप्प करणं परवडणारं नाही.

आणि माणसांना झालेला उपयोग सांगायचा तर १९८२ मध्ये ॲलन स्प्रॅडलिंग आणि रुबिन यांनी पी-एलिमेंटच्या टोकांच्या मध्ये डोळ्याच्या रंगाचं चांगलं जनुक ठेवून ते गर्भात टोचलं. तपकिरी डोळ्यांच्या माश्यांच्या वंशात लाल डोळे परत आले. माशीत हवं ते जनुक घालण्याची वाट तिथून उघडली.

---

बॉस्टनकर

भिंगवाली, मूळ लेखातल्या एका वाक्याला हरकत. ‘खंड पडला तर एका पिढीत अंडाशयाचा दोरा होतो.’ २९ अंशांना हो. कमी तापमानाला बिघाड सौम्य असतो. आणि विल्यम थ्युरकॉफ यांच्या गटाचं २०११ चं काम बघा: संकर-बिघाडातल्या मुली तरुणपणी वांझ, पण वय वाढेल तशी त्यांची अंडी पुन्हा सुरू होतात.

भिंगवाली

हरकत मान्य, वाक्य जास्त ठाम झालं. मूळ लेख तसाच ठेवते, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

त्या कामात दिसलं ते असं: बापाकडून आलेल्या पी-एलिमेंटपासूनच हळूहळू पायआरएनए बनायला लागतात, आणि धिंगाण्यात जागे झालेले इतर ट्रान्सपोझॉन ढिगांत जाऊन पडतात, त्यामुळे लगाम आणखी घट्ट होतो. हे बदल पुढच्या पिढीतही उतरतात. म्हणजे शिदोरी न मिळालेली मुलगी स्वतः शिदोरी बांधायला शिकते.

हे वाचल्यापासून मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गेल्या महिन्यात पहिल्या नळीसारखाच संकर पुन्हा लावला, या वेळी कमी तापमानाला. मुली टाकल्या नाहीत, दर दोन दिवसांनी ताज्या जेवणावर हलवत राहिले. पहिले दोन आठवडे जेवण कोरं. एकविसाव्या दिवशी भिंगाखाली अकरा अंडी दिसली, लांबट, पांढरी, पुढे दोन शिंगं असलेली. काल त्यांतल्या चारांतून अळ्या निघाल्या.

शंकासुर

त्या चारांत मुली किती?

भिंगवाली

अळीत मला ओळखता येत नाही. कोष फुटायला अजून वेळ आहे. मुली निघाल्या तर त्यांनाही हार्विचच्या नरांबरोबर ठेवणार आहे, २९ अंशांना. इथेच कळवते.